पहिल्या गिअरला ठेवलेली गाडी

१

धाकटा धावत अंगणात आला तेव्हा गाडी उताराच्या तळाशी, फाटकाच्या खांबाला टेकून उभी होती, आणि गाडी आणि खांब यांच्यामध्ये त्याचे वडील, अण्णा, होते. गाडीत कुणी नव्हतं. इंजिन बंद होतं. किल्ली धाकट्याच्याच खिशात होती. धावताना ती मांडीला टोचत होती.

दोघाचौघांनी मिळून गाडी पुढे ढकलली, चाकांमागे दगड लावले आणि अण्णांना बाहेर काढलं. मांडीचं हाड मोडलेलं, खुबा दुखावलेला, डोकं खांबावर आपटलेलं. अँब्युलन्स येईपर्यंत धाकटा त्यांचा हात धरून बसला होता. मनात एकच वाक्य फिरत होतं, दुपारी जेवताना त्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारलेलं: "तुमच्या हातून कुणीतरी मरेल, तेव्हाच तुम्ही ती गाडी सोडाल."

गाडी म्हणजे नव्वदच्या दशकातली जपानी स्पोर्ट्स कार, दोन दारांची, पोट जमिनीला घासेल इतकी ठेंगणी. दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असायचे आणि बटण दाबलं की टपकन वर यायचे, म्हणून आईने तिचं नाव बेडकी ठेवलं होतं. अण्णांनी ती जुनीच घेतली होती आणि पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती. आयुष्यभर चष्म्यांचं दुकान चालवून अर्ध्या शहराला नीट बघायला लावणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या डोळ्यांत आता मोतीबिंदूचा पडदा वाढत होता. ते मात्र कबूल करायला तयार नव्हते. शेवटी धाकट्यानेच गिऱ्हाईक शोधलं. दातांचा एक डॉक्टर अशा गाडीसाठी कित्येक वर्षं झुरत होता. रविवारी सकाळी तो गाडी पाहून गेला, दुपारी त्याने ती चालवून पाहिली, दुसऱ्या दिवशी सकाळी तो ती घेऊन जाणार होता.

थोरली बहीण अण्णांची समजूत काढायला त्याच दिवशी माहेरी आली होती.  हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिने बोटांवर मोजल्यासारखं एकेक सांगायला सुरुवात केली. किल्ली तुझ्याकडे होती. भांडलास तू. ड्रायव्हरच्या बाजूचं दार अर्धवट लागलेलं होतं, म्हणजे कुणीतरी आत बसून गाडी सोडली आणि बाहेर उडी टाकली. आणि अण्णा चाकाखाली लावतात तो लाकडी ठोकळा खांबाजवळच्या फुलझाडांत पडला होता.

"तो ठोकळा कुणी काढला, एवढं मला सांग," ती म्हणाली. "तोवर अण्णांसमोर उभा राहू नकोस. नाही सांगितलंस तर मी पोलिसांना सांगेन. भाऊ आहेस म्हणून गप्प बसणार नाही."

धाकट्याला रागच आला नाही. आपण हे केलेलं नाही हे त्याला ठाऊक होतं, पण आपण निर्दोष आहोत असंही त्याला वाटेना.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली. अण्णांची ही धाकटी बहीण विमा कंपनीत अपघात झालेल्या गाड्या तपासण्याचं काम करून निवृत्त झालेली. तिला एका कानाने कमी ऐकू यायचं, आणि कोणत्या कानाने ते ती सोयीप्रमाणे ठरवायची. सगळ्यांना वाटलं ती थेट हॉस्पिटलात जाईल. ती थेट अंगणात गेली.

"त्याला डॉक्टर बघतायत," ती म्हणाली. "गाडीला कोण बघतंय?"

तिने कशालाही हात न लावता गाडीभोवती एक फेरी मारली. मग पदर खोचून खिडकीतून आत डोकावली आणि धाकट्याला जवळ बोलावलं. हँडब्रेक वर ओढलेला होता. गिअर न्यूट्रलमध्ये होता. गिअरच्या दांड्यावर एक लाकडी गोळा होता, त्यावर गिअरचे आकडे कोरलेले. ते आकडे तिरपे झाले होते, भिंतीवरची तसबीर कलते तसे.

"आता सांग गोट्या," आत्या म्हणाली. घरात त्याला अजून याच नावाने हाक मारत. "डॉक्टर गाडी घेऊन परत आला. पुढे?"

धाकट्याने सांगितलं. डॉक्टरने गाडी नाक गॅरेजकडे करून चढावर लावली, किल्ली काढून त्याच्या हातात दिली आणि तो गेला. अण्णांची शिस्त धाकट्याला लहानपणापासून पाठ होती. त्याप्रमाणे इंजिन थांबेपर्यंत तो उभा राहिला, मग दार उघडून, वाकून, क्लच दाबून पहिला गिअर टाकला, दार लावलं आणि घरात गेला. व्यवहाराचे कागद समोरच्या खोलीत पसरले होते, ते लावत बसला. थोरली वरच्या मजल्यावर होती. अण्णाही वरच होते. आई स्वयंपाकघरात होती. त्यानंतर ऐकू आला तो एकदम धाडकन आवाज.

"आणि ठोकळा?"

"ठोकळा लावला नाही. गिअर टाकला की पुरे असं वाटलं."

आत्याने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. पहिल्या गिअरमध्ये ठेवलेली गाडी बंद असताना घरंगळत नाही. आणि ही तर न्यूट्रलमध्ये आहे.

"गिअर टाकला होतास, की टाकायचा होता?"

प्रश्न साधा होता, पण धाकट्यासाठी तो सोपा नव्हता. तो जन्माचा विसरभोळा. नळ उघडा ठेवायचा, छत्री दुकानात ठेवून यायचा, दूध उतू घालवायचा. याला काम सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं, असं अण्णा पाहुण्यांसमोरही म्हणायचे आणि पाहुणे हसायचे, मग तोही हसायचा. काल आपण क्लच दाबल्याचं त्याला आठवत होतं. पण ते कालचं आठवत होतं, की अण्णांना हजारदा तसं करताना पाहिलेलं, हे आता त्याला छातीठोकपणे सांगता येईना.

३

शेजारी कपडे शिवणारी एक बाई राहायची. तिचं मशीन खिडकीशीच असल्यामुळे गल्लीतलं तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. काल मात्र तिचं लक्ष सुईत होतं, म्हणून तिने पाहिलं काहीच नाही. ऐकलं मात्र सगळं, आणि ते सांगताना तिच्या अंगावर काटा आला होता. डॉक्टर फाटकातून बाहेर पडला तरी म्हणे गाडी चालूच होती. मग ती आपली आपण बंद पडली. मग दार आपटल्याचा दणका आला. मग बराच वेळ शांतता, आणि मग धाडकन आवाज. शिवाय गाडी आली तेव्हापासून हवेत इस्त्रीने कापड जळल्यासारखा वास होता. बाईने घाईने स्वतःची इस्त्रीसुद्धा तपासली होती.

यात भुताटकी काही नाही, हे धाकट्याने तिला समजावलं. बेडकीच्या इंजिनावर टर्बो, म्हणजे जोर वाढवणारा पंखा, होता, आणि तापलेला टर्बो एकदम बंद करू नये म्हणून अण्णांनी टायमर बसवून घेतला होता. किल्ली काढली तरी इंजिन थोडा वेळ चालू राहायचं आणि मग आपोआप थांबायचं. म्हणून तर गाडी सोडताना न्यूट्रलमध्येच ठेवावी लागे, आणि इंजिन थांबल्यावर परत येऊन गिअर टाकावा लागे.

बाईचं हे ऐकून आत्याची मुद्रा उजळली. ती धाकट्याला घेऊन डॉक्टरच्या दवाखान्यात गेली आणि सरळ रुग्णाच्या खुर्चीत जाऊन बसली, कारण दुसरी खुर्ची मऊ नव्हती.

डॉक्टरचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता. कपाटात औषधांपेक्षा छोट्या खेळण्यातल्या गाड्याच जास्त. आपण फक्त पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आलो, असं तो सांगू लागला. गाडी अप्रतिम आहे. आतलं सगळं जिथल्या तिथे. गिअरचा गोळासुद्धा इतका नीट बसवलेला, की आकडे अगदी सरळ रेषेत.

"पेट्रोल पंप जवळच आहे," आत्या म्हणाली. "तेवढ्यात ब्रेक जळत नाहीत. तुम्ही दात बघून सांगता ना, माणूस गोड किती खातो ते? मी चाकं बघून सांगते. मागच्या ब्रेकच्या डिस्क तापून निळ्या पडल्यात."

डॉक्टर स्टुलावर बसला. चोराच्या मनात चांदणं असतं, तसं याच्या मनात कालपासून ते होतंच. टेकडीचा रस्ता मोकळा दिसला आणि त्याला राहवलं नाही, तो म्हणाला. वर जाताना पळवली, खाली येताना प्रत्येक वळणावर ब्रेक दाबले. म्हाताऱ्या माणसाची जीव लावलेली गाडी, आपली झालेली नसताना आपण तिला पिळून काढली. घरी परत आल्यावर वास आला तेव्हा त्याला लाज वाटली, आणि कुणी काही विचारायच्या आत तो सटकला. हँडब्रेक मात्र त्याने अगदी घट्ट ओढला होता. त्याची तो शपथ घ्यायला तयार होता.

"तो ओढलेला होता, मी पाहिलं," आत्या म्हणाली. "पण त्याने गाडी धरली नाही."

डॉक्टरने मान वर केली. "मग तो आधीपासूनच बिघडलेला असणार. सकाळी मी पाहायला आलो तेव्हा तुमचा मिस्त्री गाडीखाली होता. त्याला हे माहीत नसेल असं होईल का?"

४

बेडकीला हात लावणारा मिस्त्री एकच, आणि तो कधीपासून हात लावत होता हे त्यालाही आठवत नव्हतं. गाडी विकायला त्याचा विरोध होता. ज्याला गाडीचं दुखणं कळत नाही त्याला ती देऊ नका, असं त्याने धाकट्याला तोंडावर सांगितलं होतं. धाकट्याच्या मनात वाटेत नको ते येऊन गेलं. व्यवहार मोडावा म्हणून यानेच तर काही केलं नसेल?

मिस्त्रीने ऐकून घेतलं, हात पुसले, आणि कुणी अधिक काही विचारण्याआधीच म्हणाला की हँडब्रेकची केबल ताणली गेली आहे हे त्याला माहीत होतं. त्याने अण्णांना सांगितलंही होतं. अण्णा म्हणाले, नवीन केबल मागवू, तोवर ठोकळा आहेच. आणि हे कुणाला सांगू नकोस, अशी ताकीद दिली.

"गोट्याला तर मुळीच नको, म्हणाले," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "त्याला निमित्तच पाहिजे आहे, उद्या गाडी घराबाहेर काढेल. मी त्यांचं ऐकलं. ऐकायला नको होतं."

धाकट्याने तोंड फिरवलं. आपल्या भीतीने बापाने आपल्यापासून दुखणं लपवलं होतं, स्वतःच्या डोळ्यांचं आणि गाडीचंही.

आत्याने विचारलं तसं मिस्त्रीने ब्रेकचं गणितही सांगितलं. मागच्या डिस्क तापल्या की फुगतात, तेव्हा सैल केबलसुद्धा घट्ट पकडते. पण डिस्क थंड झाल्या की आक्रसतात, आणि पकड हळूहळू सुटते. म्हणजे गाडी लावली तेव्हा ती हँडब्रेकवर छान उभी राहिली असणार, आणि बऱ्याच वेळाने, कुणी हात न लावता, घरंगळली असणार. अर्थात गिअरमध्ये असती तर नाही.

"आणि गोळा?" आत्याने विचारलं.

गोळा त्याने त्याच सकाळी आकडे सरळ करून आवळला होता. गिऱ्हाईक येणार म्हणून. गिअर टाकताना तो फिरत नाही, कारण दांडा पुढेमागे जातो, गोळ्याला कुणी पिळत नाही. फिरायचा झाला तर त्यावर कुणीतरी अंगाचा भार टाकून तो वळवायला हवा.

आत्याने पिशवीतून ठोकळा काढून त्याच्यापुढे ठेवला. मिस्त्रीने तो उलटासुलटा करून पाहिला. भार असलेल्या चाकाखालून हा काढायचा तर हातोडीने ठोकावा लागतो, तो म्हणाला, आणि यावर ठोकल्याची खूण नाही. शिवाय कुणी काढलाच असता तर तो वर, गॅरेजपाशी पडला असता. तो खाली खांबाशी सापडला, म्हणजे जो माणूस खाली गेला त्याच्या हातात तो होता.

"अण्णा ठोकळा लावायलाच गेले होते," धाकटा म्हणाला.

"हो," आत्या म्हणाली. "तुझ्या बहिणीचा निम्मा आरोप इथे संपला. कुणी ठोकळा काढला नाही."  परत येताना ती फाटकाशी थांबली. "आता उरलेला निम्मा. शिवणाऱ्या बाईने इंजिन थांबल्यावर दार आपटल्याचा दणका ऐकला. तो तू. दार उगाच कुणी उघडत नाही, तू गिअर टाकायलाच उघडलंस, आणि टाकलासही. माझी खात्री आहे."

धाकट्याने आदल्या दिवसापासून कोंडलेला श्वास सोडला. पण आत्याचं संपलं नव्हतं.

"तू दार दणकून लावलंस. आपल्याला सापडलं ते अर्धवट लागलेलं. म्हणजे तुझ्यानंतर ते पुन्हा कुणीतरी उघडलं."

५

कोण, हे शोधायला आता फार माणसं शिल्लक नव्हती. डॉक्टर गेलेला होता. मिस्त्री सकाळीच परतला होता आणि त्या दाराची खोड त्याला झोपेतही माहीत होती. लांब, जड दार, कमरेने ढकलल्याशिवाय लागत नाही. थोरलीच्या हाताने तर घरातलं साधं कपाटही आपटल्याशिवाय बंद होत नाही. अण्णा गाडीच्या मागे होते. हळूच, आवाज न करता दार लावेल असं कुणीच आठवेना.

दोघं स्वयंपाकघरात आले. आई नुकतीच हॉस्पिटलातून परत आली होती. अण्णा शुद्धीवर आले होते, दोन शब्द बोलले होते, आणि तिच्या चेहऱ्यावर कालपासून प्रथमच रंग दिसत होता. ती खालच्या बैठ्या स्टुलावर बसून संध्याकाळच्या सुपासाठी गाजरं सोलत होती. गुडघे दुखत असले तरी खाली बसल्याशिवाय तिचं काम होत नसे.

"वहिनी, सगळ्यांना विचारून झालं," आत्या सहज म्हणाली. "तुम्हालाच विचारायचं राहिलं. काल तुम्ही कुठे होतात?"

आई हसली. मला काय विचारायचं, म्हणाली, मला गाडीतलं काय कळतं? खरंच होतं. गाडीबद्दल तिला कुणी कधीच काही विचारलं नव्हतं, कालही नाही. अपघाताची नोंद करायला पोलीस आले, त्यांनीही तिच्याकडे फक्त पाणी मागितलं.

मग ती गाजर खाली ठेवून म्हणाली, "मी जरा बसून आले होते तिच्यात. तू आत गेलास ना, तेव्हा. एवढी वर्षं बाजूला बसले, यांच्या जागेवर कधी बसले नाही. उद्या जाणार, म्हटलं एकदा बसून तरी बघावं, यांना काय दिसतं तिथून. काही दिसलं नाही बाई. नुसतं गॅरेजचं दार." ती पुन्हा हसली. "आत शिरणं सोपं, बाहेर येताना मात्र जीव गेला. त्या डॉक्टरने सीट मागे सरकवून ठेवलेली. दार हळूच लोटलं. तुमच्या भांडणात आणखी आवाज नको."

बोलता बोलता ती उठली. उठताना तिने एक हात बाजूच्या पिंपाच्या झाकणावर ठेवला, सगळं अंग त्यावर टाकलं, आणि कण्हत, तो हात मागे खेचत, वळत उभी राहिली. झाकण तिच्या हाताखाली गरकन फिरलं.

धाकट्याने आत्याकडे पाहिलं. आत्या त्याच्याकडे पाहत नव्हती. "वहिनी, मला चहा टाका ना थोडा," ती म्हणत होती. "सकाळपासून घशाला कोरड पडलीय."

६

अंगणात आल्यावर आत्याने ते सगळं एका दमात सांगून टाकलं, जणू लवकर सांगितलं तर कमी दुखेल. पहिला गिअर पुढच्या बाजूला असतो. ठेंगण्या सीटमधून उजवीकडे उतरायचं तर डावा हात गोळ्यावर पडणार. त्यावर भार टाकून मागे खेचत उठलं की गोळा पिळला जातो आणि दांडा पहिल्यातून न्यूट्रलमध्ये येतो. त्या वेळी डिस्क अजून तापलेल्या होत्या, गाडी हँडब्रेकवर उभी होती, म्हणून गिअर निमूट सुटला आणि गाडी जागची हललीही नाही. वहिनींना काही कळायचं कारणच नव्हतं. त्या आत गेल्या. मग डिस्क थंड झाल्या, आणि त्याच सुमाराला अण्णा ठोकळा घेऊन मागे वाकले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

"तिला अजून कळलेलं नाही," धाकटा म्हणाला.

"नाही. कळलं तर?"

 आईच्या हातून एकदा अण्णांचा चष्मा फुटला होता, तर ती चार दिवस जेवली नव्हती. हे तिला कळलं तर ती अण्णांच्या उशाशी बसू शकणार नाही, आणि तिच्याशिवाय अण्णा उठून चालणार नाहीत. दोघंही जातील, एकामागून एक.

आत्या खांबाला टेकून उभी राहिली. नोकरीत तिने कधी खोटा अहवाल दिला नव्हता, वरिष्ठांनी धमकावलं तरी नाही, आणि तिला त्याचा अभिमान होता हे सगळ्या घराला पाठ होतं.

"थोरलीला मी खरं सांगायचं कबूल केलंय," ती म्हणाली. "पोरगी पोलिसांकडे जायला निघालीय. काहीच न सांगता ती थांबणार नाही. आणि तिला खरं सांगितलं तर तिच्या पोटात ते राहणार नाही, तिचा स्वभाव तुला माहीत आहे." मग ती पुढे म्हणाली, "तू गिअर टाकला होतास, गोट्या. हे मला माहीत आहे. यापुढे तू बोल. मी मध्ये बोलणार नाही."

धाकटा गाडीकडे बघत राहिला. ही गाडी विकायचा हट्ट त्याचा. गिऱ्हाईक त्याने आणलेलं. ठोकळा लावायचा कंटाळा त्याने केला. आईला ज्या जागी बसावंसं वाटलं ती जागा दुसऱ्या दिवशी घरातून जाणार होती, तीही त्याच्यामुळेच. हिशेब केला तर दोष त्याच्याच वाट्याला जास्त येत होता. फक्त तो एक गिअर त्याचा नव्हता.

७

अण्णांच्या खोलीत थोरली दारातच आडवी उभी राहिली. आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाजूला केलं. अण्णा उशीला टेकून बसले होते, पाय वजनं लावून बांधलेला, चेहरा पिवळा. आई शेजारी बसून चमच्याने सूप पाजत होती.

"बोल," थोरली म्हणाली.

वाटेत धाकट्याने वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते मोठं होतं, त्यात टायमर होता, डिस्क होत्या, थंड होणं होतं. त्यातलं त्याला काहीच सांगावं लागलं नाही.

"गिअर टाकायचा राहिला," तो म्हणाला. "इंजिन थांबलं, दार उघडलं, आणि कागदांच्या नादात तसाच आत गेलो. दारही नीट लावलं नाही. गाडी न्यूट्रलमध्येच होती."

कुणी एक प्रश्नही विचारला नाही. किती सहज पटलं ते सगळ्यांना! थोरलीचे खांदे खाली आले. ती रडायला लागली, पुढे होऊन तिने त्याच्या दंडाला घट्ट धरलं. भलतंसलतं बोलले रे मी, असं म्हणत राहिली, मला कळायला हवं होतं, तू म्हणजे तूच. आत्या खिडकीबाहेर बघत होती आणि तिला कोणत्याच कानाने काही ऐकू येत नव्हतं.

अण्णांनी मान हळूच वळवली. डोळ्यांतल्या पडद्याआडून त्यांना मुलगा अंधुकच दिसत असणार.

"वाटलंच मला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, माया होती, आणि तेच जास्त लागलं. "याच्याने व्हायचं नाही, म्हणून तर मी खाली आलो. जाऊ दे. तुझा स्वभावच तो."

त्याला अण्णांना एकदाच, या एकाच वेळी सांगायचं होतं, की मी विसरलो नव्हतो हो. शब्द धाकट्याच्या ओठापर्यंत आले. त्याने आईकडे पाहिलं.

आईने चमचा वाटीत ठेवला होता. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत त्याने कधीही न पाहिलेला राग होता.

"एवढं एकच काम होतं रे तुझं," ती म्हणाली. "तेवढंसुद्धा झालं नाही तुझ्याने?"

"नाही झालं आई," धाकटा म्हणाला. "चुकलं माझं."

आईने पुन्हा चमचा भरला, फुंकर घातली आणि अण्णांच्या ओठांशी नेला. तिचा हात अगदी स्थिर होता. धाकटा भिंतीपाशी उभा राहून वाटी रिकामी होईपर्यंत त्या हाताकडे बघत राहिला.